फाळ, कानस आणि सहा महिने

धार लावण्याच्या कामात आपल्याला शिकण्यासारखे काही उरले आहे, असे मला कधी वाटले नव्हते. हिंगणा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी सव्वीस वर्षे काढली आणि लेथची हत्यारे, ड्रिल, रीमर, मिलिंग कटर या सर्वांच्या धारांचे कोन माझ्या हाताला पाठ झाले होते. त्यामुळे टेक्सासमध्ये राहणाऱ्या भाच्याने फोनवर, "मामा, फेब्रुवारीत या, आपण दोघे धनुष्य घेऊन रानडुकरांच्या वाटेवर बसू," असे सुचवले, तेव्हा मला काळजी वाटली ती नेमाची. बाणाच्या टोकाचा विचार मनात आला नाही. प्रत्यक्षात नेमाला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ त्या टोकाने घेतला.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने छंद म्हणून होणारी शिकार बंद केली आहे आणि ते योग्यच आहे, असे माझे मत आहे. काटोल रस्त्यावरील मित्राच्या संत्र्याच्या बागेत रात्री रानडुकरे येतात, बांध उकरून जातात. मी त्याच बागेत मातीच्या बांधाला पोती टेकवून गेली अनेक वर्षे बाण मारतो आहे, परंतु ते पोत्यांवरच. टेक्सासमधील डुकरांची गोष्ट वेगळी आहे. ती तेथील मूळची नव्हेत. स्पॅनिश लोकांनी नेलेली पाळीव डुकरे रानात सुटली, पुढे त्यांत युरोपातून आणलेल्या रानडुकरांचे रक्त मिसळले, आणि आज ती तेथील शेतकऱ्यांचे मोठे दुखणे आहेत. जमीनमालकाची परवानगी असेल तर खाजगी जमिनीवर त्यांच्या शिकारीसाठी १ सप्टेंबर २०१९ पासून परवानाही लागत नाही. भाच्याच्या ओळखीच्या एका पशुपालकाने अशी परवानगी दिली होती.

माझे धनुष्य जुन्या पद्धतीचे, रिकर्व्ह, म्हणजे पुढे वळलेल्या टोकांचे आहे. त्याला चाके नाहीत, नेमाची काडी नाही, आणि मी ताणतो तेवढ्या म्हणजे २८ इंचांच्या ताणाला ते ४८ पौंड भरते. डुकरासाठी ही शक्ती पुरेशी असली तरी तीत उधळपट्टीला वाव नाही, हे निवडीच्या वेळी सतत ध्यानात ठेवावे लागले. बंदुकीच्या गोळीचा आघात शरीरात दूरवर पोचतो, बाणाचा पोचत नाही. बाण कापतो आणि रक्तस्रावाने मारतो. त्याचे पाते दोन्ही फुप्फुसांतून स्वच्छ कापत गेले तर जनावर काही सेकंदांत खाली येते. पाते बोथट असेल तर रक्तवाहिन्या त्याच्या वाटेतून बाजूला सरकतात किंवा फाटल्यासारख्या तुटतात, आणि फाटलेल्या जखमेत रक्त लवकर गोठते. जनावर मग तासन्‌तास कुठेतरी झुडपात पडून राहते. असे घडणार असेल तर जाऊच नये, एवढे मी स्वतःशी ठरवले होते.

गणपतीसाठी भाचा नागपुरात आला तेव्हा त्याने सामानातून तीन प्रकारची ब्रॉडहेड, म्हणजे शिकारी बाणाची रुंद, धारदार टोके आणली. त्यांना मी पुढे फाळ म्हणतो, कारण नांगराच्या फाळाशी त्यांचे नाते चाकूपेक्षा जवळचे आहे. पहिला फाळ तीन पात्यांचा होता. दुसरा दोन पात्यांचा, परंतु प्रत्येक पात्याला एकाच बाजूने उतार दिलेला आणि अतिशय कठीण पोलादाचा. तिसरा दोन पात्यांचा साधा, दोन्ही बाजूंनी उतार असलेला, साध्या कार्बन पोलादाचा आणि तिन्हींत स्वस्त. आदळल्यावर उघडणाऱ्या पात्यांचे फाळही बाजारात मिळतात. परंतु पाती उघडण्यात जी शक्ती खर्च होते ती माझ्या धनुष्याकडे उसनी द्यायला नव्हती, म्हणून ते भाच्याला आणूच दिले नव्हते.

तीन पात्यांच्या फाळाने मला पहिल्या दिवशीच मोहात पाडले, हे कबूल केले पाहिजे. त्याला धार लावणे पोरखेळ वाटावा इतके सोपे आहे. कानस टेबलावर सपाट ठेवायची, फाळाची दोन पाती एकाच वेळी तिच्यावर टेकवायची, पुढे ढकलायचे, मग फाळ फिरवून पुढची जोडी घ्यायची. कोन सांभाळण्याचा प्रश्नच येत नाही, कारण तीन पाती समान अंतरावर असल्याने तो आपोआप सांभाळला जातो. मात्र तेथेच त्याची अडचण आहे. अशा रीतीने घासलेल्या धारेचा एकूण कोन ६० अंशांचा होतो, आणि ६० अंशांची धार म्हणजे आमच्याकडे थ्रेडिंगच्या, म्हणजे आटे पाडण्याच्या हत्याराचा कोन, कातड्यासाठी तो फारच स्थूल. जोरकस धनुष्याला हे फाळ उत्तम काम देतात आणि त्यांची जखम मोठी असते. मी मात्र ओळखीच्या खाटकाकडून बोकडाचे कातडे आणले, चिंध्या भरलेल्या पोत्यावर ताणून बांधले आणि बारा मीटरवरून दोन्ही प्रकारचे फाळ मारून पाहिले. तीन पात्यांचा फाळ प्रत्येक वेळी दोन पात्यांच्या फाळापेक्षा चार बोटे कमी शिरला. चार बाणांच्या या प्रयोगावरून कोणी सिद्धान्त मांडू नये, पण माझ्या धनुष्यापुरता माझा निर्णय झाला.

त्यामागचे कारण पाचरीचे आहे. फाळ ही पाचरच. ती जितकी लांब आणि अरुंद, तितकी कमी जोरात आत शिरते. हॉवर्ड हिल हे गेल्या शतकातील विख्यात अमेरिकन धनुर्धर लांबी रुंदीच्या तिप्पट असलेला फाळ पसंत करीत. डॉ. एड ॲशबी यांनी १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील नाताळ भागात मोठ्या जनावरांवर बाणांच्या भेदनाचे जे प्रयोग केले, त्यांतूनही लांब, अरुंद, दोन पात्यांच्या फाळाची आणि जड बाणाची बाजू भक्कम झाली. मी कागदावर गणित करून पाहिले. लांबी रुंदीच्या दुप्पट असेल तर टोकाचा कोन सुमारे २८ अंश येतो, तिप्पट असेल तर १९ अंश. नर डुकराच्या खांद्यावर कातड्याखाली जाड, चिवट थराची ढाल असते, आणि ती भेदण्याची वेळ आली तर या नऊ अंशांना मोल आहे.

मग दोन पात्यांपैकी कोणता, हा प्रश्न उरला. एका बाजूचा उतार असलेला फाळ शिरताना वळत जातो आणि हाडाला लागला तर ते पिळून फोडतो, असा त्याचा लौकिक आहे. मात्र त्याच्या उताराची दिशा बाणाच्या पिसांशी जुळावी लागते. उजव्या पंखाच्या पिसांनी बाण हवेत उजवीकडे फिरतो, म्हणून त्याला उजव्या उताराचा फाळ, डाव्याला डावा. माझे सर्व बाण डाव्या पंखाच्या पिसांचे होते आणि भाच्याने आणलेले फाळ उजव्या उताराचे. पिसे उपटून नवी लावता आली असती. खरी अडचण पोलादाची होती. त्यावर माझी कानस नुसती घसरत होती, कारण कानस आणि फाळ यांच्या कठीणपणात पुरेसे अंतरच नव्हते. मी नाद सोडला नाही. गॅरेजमधल्या ग्राइंडरची मोटर सुरू केली आणि फाळ हलक्या हाताने चाकाला लावला.

येथे माझ्या सव्वीस वर्षांनी मला दगा दिला. टूलरूममध्ये आम्ही हाय स्पीड स्टीलची हत्यारे ग्राइंडरवर घासतो तेव्हा ती तापून रंग बदलतात आणि तरीही त्यांचे काही बिघडत नाही, कारण ते पोलाद सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपासपर्यंत आपला कठीणपणा धरून ठेवते. फाळाचे पोलाद त्या जातीचे नव्हते. पातळ धारेला उष्णता पळून जायला जागा नसते; दोन-तीन सेकंदांत धारेवर आधी पिवळसर, मग जांभळी आणि मग निळी छटा धावत गेली. निळा रंग म्हणजे जवळपास तीनशे अंश. पोलादाला दिलेले पाणी, म्हणजे त्याचा कठीणपणा, उतरले होते. त्या फाळाची धार नंतर कितीही घासली तरी नखावर दाबताच मुडपायची. असे दोन फाळ मी एका संध्याकाळी वाया घालवले, आणि शिकाऊ मुलाने असे केले असते तर मी त्याला काय बोललो असतो, ते आठवून ग्राइंडरवर कापड टाकून ठेवले.

अशा रीतीने सर्वांत स्वस्त, साधा फाळच उरला. वजन १६० ग्रेन, म्हणजे साडेदहा ग्रॅमपेक्षा किंचित कमी. डग्लस फर या झाडाच्या लाकडी काडीवर पिसे, खाच आणि हा फाळ मिळून बाण ५७० ग्रेन भरला; ४८ पौंडांच्या धनुष्याला दर पौंडामागे जवळपास बारा ग्रेन. हा बाण संथ जातो, पण लागल्यावर लवकर थांबत नाही.

धारेसाठी मी प्रत्येक बाजूने २० अंश, एकूण ४० अंशांचा कोन ठरवला. स्वयंपाकघरातील सुरीपेक्षा ही धार स्थूल आहे, पण सुरीला बरगडी कापायची नसते. २० अंश हातात धरणे मात्र कठीण, आणि सुरुवातीचे अनेक दिवस माझा कोन डोलत होता. शेवटी मी उलट बाजूने मोजले. पात्याची जाडी १.२ मिलिमीटर होती. अर्ध्या जाडीला २० अंशांचा उतार दिला तर उताराची पट्टी पावणेदोन मिलिमीटर रुंद यायला हवी. मग कोन मोजण्याऐवजी व्हर्निअरने पट्टीची रुंदी मोजू लागलो. पट्टी रुंद झाली तर कोन बारीक होतो आहे, अरुंद झाली तर जाड. उतारावर मार्कर पेनची शाई फासून दोन हात मारले की कानस नेमकी कुठे लागते आहे तेही दिसते. शाई केवळ मागच्या कडेची निघाली तर धारेला अजून स्पर्शही झालेला नसतो.

कानस इतवारीतून आणली, दहा इंची, एकेरी दातांची. तिच्या दातांत पोलादाचा कीस अडकला की तो फाळावर खोल ओरखडे पाडतो, म्हणून आधी तिच्यावर खडू घासायचा आणि दर दहा-बारा हातांनंतर तारेच्या ब्रशने दात साफ करायचे, ही कारखान्यातील सवय येथे उपयोगी पडली. फाळ एका छोट्या काडीवर बसवून, ती काडी व्हाइसमध्ये लाकडी पट्ट्यांत धरली. कानस एकाच दिशेने ढकलायची, ओढताना उचलायची. एका बाजूने घासत राहिले की पलीकडच्या कडेवर बारीक बर, म्हणजे धातूची मुडपलेली कड, उभी राहते, ती बोटाला जाणवते. धारेच्या संपूर्ण लांबीवर, अगदी टोकापासून मागच्या कोपऱ्यापर्यंत अखंड बर आल्याशिवाय बाजू बदलायची नाही. मी पहिले कित्येक फाळ बिघडवले ते येथेच, कारण मध्यभागी बर आली की मला घाई व्हायची आणि टोकाजवळचा अर्धा इंच तसाच बोथट राहायचा. कातड्याला सर्वांत आधी भिडतो तो नेमका हाच अर्धा इंच.

कानशीचीच धार ठेवावी की पुढे दगडावर घासून गुळगुळीत करावी, यावर जुन्या धनुर्धरांत मतभेद आहेत. कानशीची धार बारीक दातांची असते आणि ती करवतीसारखी ओढून कापते, असे एका पक्षाचे म्हणणे. मी दोन्ही करून पाहिल्या. कानशीच्या धारेने हातावरचे केस निघत होते, परंतु ओरखडत. शिवाय तिचे सूक्ष्म दात गंजाला आधी बळी पडतात, आणि भाद्रपदातील आमच्या घराची हवा अशी की रात्री टेबलावर ठेवलेल्या फाळावर सकाळी तांबूस ठिपके दिसत. म्हणून मी गुळगुळीत धारेकडे वळलो. कार्बोरंडमचा दुहेरी दगड घेतला. आधी खरखरीत बाजू, मग बारीक, दोन्हींवर रॉकेलचे थोडे थेंब.

तरीही धार केसाला अडत होती. कागद सरसर कापला जाई, पण मनगटावरचा केस वाकून निसटे. महालात बडकस चौकाकडे जाणाऱ्या गल्लीत एका म्हाताऱ्या कारागिराचे केशकर्तनालय आहे. तेथे आता ब्लेडच वापरतात, पण जुना चामडी पट्टा खुर्चीच्या मागे खिळ्याला टांगलेला असतो. मी फाळ कागदात गुंडाळून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी फाळ उजेडात तिरका धरला, अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवला आणि म्हणाले, "भाऊ, तुम्ही लय दाबता जी. येवढा जोर काहाले? त्याच्या वजनानंच चालू द्या त्याले." मग पट्ट्यावर त्यांनी दाखवले: नेहमी धार मागे, पाठ पुढे, पट्ट्याच्या शेवटी फाळ उचलायचा नाही, पाठीवर उलटायचा आणि परत यायचे. दगडावर माझ्या दाबाने होत असे ते असे, की एका बाजूची बर निघण्याऐवजी दुसरीकडे वळायची आणि मी तिलाच धार समजून बसायचो. कारखान्यात आम्ही मशीनला दाब ठरवून देतो. हाताला दाब कमी करायला कोणी शिकवले नव्हते.

घरी जुना कंबरपट्टा फळीवर चिकटवला, त्यावर पॉलिशवाल्यांकडे मिळते ती हिरवी वडी घासली आणि दर बाजूला वीस-पंचवीस फेरे, दाब शून्य. तिसऱ्या संध्याकाळी केस स्पर्शासरशी उडाला. दोन बोटांत सैल ताणलेल्या रबरबँडवर धार नुसती टेकवली तरी तो तुटला. ही परीक्षा मला केसापेक्षा अधिक पटते, कारण सैल रबर रक्तवाहिनीसारखाच निसटायला पाहतो. उत्साहात मी घरातील विळीलाही तीच धार दिली. दुसऱ्या दिवशी सौभाग्यवतींच्या तर्जनीला पट्टी बांधलेली होती, आणि पुढचे दोन आठवडे माझे दगड स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर राहिले.

टोकाच्या बाबतीत एक दुरुस्ती केली. सुईसारखे टोक हाडावर आदळले की वळते, म्हणून शेवटचा दीड-दोन मिलिमीटर भाग दोन्हीकडून थोड्या स्थूल उताराने घासून छिन्नीसारखा केला. मग बसवणे. काडीचे टोक पाच अंशांच्या उताराने निमुळते केले, फाळ गरम गोंदाने बसवला आणि बाण टोकावर उभा करून टेबलावर भोवऱ्यासारखा फिरवला. फाळ आणि काडी यांचा जोड डोळ्यांना थरथरताना दिसला तर तो वाकडा आहे. वाकडा फाळ पुढे लावलेल्या पिसासारखा वागतो आणि बाणाला स्वतःच्या मर्जीने नेतो. माझे पहिले सहा फाळ त्याच वजनाच्या सरावाच्या टोकांपेक्षा वीतभर डावीकडे जात होते. त्यांतील चार केवळ गरम करून, थोडे वळवून पुन्हा बसवल्याने जागेवर आले. उरलेले दोन आले नाहीत. ते बाजूला ठेवले.

भात्यानेही एक त्रास दिला. त्याच्या टोपीत फोम असतो आणि फाळ त्यात खुपसून ठेवायचे असतात. दर वेळी बाण काढताना आणि घालताना धार त्यावर घासते, आणि सरावाच्या दोन आठवड्यांत सगळी मेहनत पुसून जाते. म्हणून शिकारीचे तीन बाण वेगळे ठेवले, धारेवर व्हॅसलीनचा पातळ हात दिला आणि त्यांना जानेवारीअखेरपर्यंत हात लावला नाही. प्रवासात सगळे सामान अर्थातच तपासणीच्या बॅगेत, फाळ पत्र्याच्या डब्यात स्क्रू घट्ट करून.

टेक्सासमध्ये पहिल्या दोन संध्याकाळी डुकरे आली नाहीत. तिसऱ्या संध्याकाळी सात-आठ जणांचा कळप आला. डुकराचे काळीज आणि फुप्फुसे आपल्याला वाटते त्याहून पुढे आणि खाली, पुढच्या पायांच्या मधोमध असतात, हे भाच्याने चित्र काढून समजावले होते. तेरा पावलांवर एक मध्यम आकाराची मादी तिरकी, आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. बाण शेवटच्या बरगडीमागून शिरला आणि पलीकडच्या खांद्यापुढून बाहेर पडला. ती चाळीस-पन्नास पावले पळाली, मग झुडपात काहीतरी कोसळल्याचा आवाज आला. आम्ही तरीही अर्धा तास बसून राहिलो. रक्ताचा माग शोधावा लागला नाही, तो कंदिलाच्या उजेडात सरळ दिसत होता.

बाण पलीकडच्या चुनखडीच्या खडीत रुतला होता. भाच्याच्या गॅरेजमध्ये मी तो पुसून भिंगाखाली धरला. टोक वळले होते आणि एका धारेवर तीन दाते पडले होते. त्यांतील हाडाने किती पाडले आणि दगडाने किती, ते सांगता येण्यासारखे नव्हते. बाकीच्या धारेवर मात्र रबरबँड अजूनही तुटत होता. जेवण झाल्यावर मी कानस काढली, टोक मागे घेतले, दाते निघेपर्यंत दोन्ही उतार नव्याने घासले, आणि एक वाजता वजन केले तेव्हा फाळ १५८ ग्रेन भरला.